खारवट तुकड्यातली एक ओळ

द्राक्षाच्या मुळांविषयी लिहिणारा मी कोण, हे मला कळते. शेतकी शिकायला पुण्याला गेलेला आमच्या घरातला मी पहिला, पण बाग आयुष्यभर राखली ती वडिलांनी. त्यांना लिहिता येत नव्हते, एवढ्याच आधारावर हे धाडस करतो आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

नाशिकजवळच्या आमच्या बागेचा खालचा तुकडा खारवट होता. तिथे फकडी द्राक्षाच्या काड्या लावल्या की दुसऱ्या उन्हाळ्यात वेली वाळत. तिथे आता ज्वारीच पेरायची, असे वडिलांच्या मनात होते. मी कॉलेजच्या मळ्यातून खारात तगणाऱ्या रानटी द्राक्षवेलीची मुळ्या धरलेली रोपे आणली. म्हणालो, खाली मुळाला खुंट हा ठेवू आणि त्यावर आपल्या फकडीचे कलम बांधू.

वडिलांनी रोपाचे पान चावून पाहिले आणि थुंकले.

"मूळ आंबट, तर घड गोड कुठनं येईल रं? तुझ्या मास्तरानं खाल्लाय का?"

"खाल्ला नसेल, पण..."

"मंग?"

तरी त्यांनी एका ओळीपुरती परवानगी दिली. ती जगली तर तुकडा द्राक्षाला, नाही तर ज्वारीला. शेजारी तुलनेसाठी नुसत्या फकडीची ओळ. वर्षभराने कलमे बांधली, तेव्हा मी दहादा सांगितले की कलमाखालून आलेली फूट लगेच खुडायची, नाहीतर ती वरच्या कलमाचा रस खाते. त्यांनी मान हलवली. मला ती मान पटली नाही.

पुण्याला त्यांची पत्रे वाण्याच्या हातची येत. वेलींबद्दल दोनच शब्द, 'ठीक आहेत.' मी ते पुन्हा पुन्हा वाचत असे. दिवाळीला गेलो, तर वाटेतल्या ओढ्याला पाणी आहे म्हणून त्यांनी मला खाली जाऊ दिले नाही. ओढा घोटाभरही नव्हता. आईला विचारले.

"तुझा बा रोज जातो खाली. म्या नाय पाहिलं," ती म्हणाली.

ओळ उपटली, अशी माझी खात्रीच झाली. मनातल्या मनात मी वडिलांना खोटारडे म्हणालो. हे लिहितानाही लाज वाटते.

उन्हाळ्यात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, लांब पत्र आले. शेजारची फकडी वाळली होती. माझी ओळ हिरवीगार होती, पण रानटी पानांनी. खालची एकही फूट वडिलांनी खुडली नव्हती, म्हणून वरची कलमे मेली होती. त्या जमिनीत उगवलेले कोवळे पान तोडायला हात झाला नाही, आणि तू रागावशील म्हणून दिवाळीत दाखवले नाही, असे त्यांनी लिहवले होते. ज्वारी पेरायची नाही, असे ठरले होते. खाली होते, "खुंट जगला. छाटणीला ये आणि पुन्हा कलम बांध. फुटी मात्र तुझ्या हातानं खुड."