वाटेवरच्या देवाचा पाला

देवाला वाट विचारायची मला कधी गरज वाटली नाही. माझ्याजवळ नकाशा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. आज आलापल्लीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, स्वतःच्या पगारातून घेतलेली मोटारसायकल चालवते, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. माय माझ्या उलट. धानाच्या बांधीत पाय टाकायच्या आधी ती मातीला हात लावून कपाळाला लावते, शिवेवरच्या माता माय देवीपुढं थांबल्याशिवाय बाजाराला जात नाही. यावरून आम्हा दोघींचं रोज थोडंफार वाजायचंच. तरी त्या हिवाळ्यात आम्ही दोघी मिळून एक बेत आखत होतो, आणि पुढं जे घडलं ते त्या बेतातूनच घडलं.

बेत समुद्राचा होता. इकडचे लोक समुद्र म्हटलं की कोकण नाहीतर गोवा म्हणतात. पण आमची प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. बाबा सागवानाच्या कूपावर, म्हणजे रानात झाडतोड चालते तिथं, बैलगाडी हाकायचे. वाटेत नदी लागली की म्हणायचे, हे पाणी आपल्याआधी समुद्र पाहणार. त्यांचा काही समुद्र पाहून झाला नाही. ते गेल्यावर एकदा नदीकाठी बसून माय म्हणाली, "हे पाणी जाते तरी कुठी, एकदा पाहू दे मले." मी तिथंच ठरवलं. सिरोंच्याचा पूल ओलांडून तेलंगणात, पुढं राजमहेंद्री, काकिनाडा, आणि तिथून समुद्राच्या काठाकाठानं विशाखापट्टणमपर्यंत. मोटारसायकलवर, मायला मागं बसवून. एका ठिकाणी म्हणे भरतीच्या लाटा थेट रस्त्यावर येतात. संध्याकाळी जेवणं झाली की मी मोबाईलवर तो रस्ता दाखवायची आणि माय निळ्या भागावर बोट फिरवून विचारायची, "एवढं सारं पाणीच?"

शेजारची काकू हसायची. "बसनं जा न वं. मायले फटफटीवर बांधून नेतं काय, धानाच्या पोत्यावानी?"

माय म्हणाली, "पोतं तं पोतं. पोतं समुद्र पाहून येईन. तू बस घरी कोंबड्या राखत."

बोलायला माय अशी खमकी, पण तिचा गुडघा काही तिचं ऐकत नव्हता. खाली बसली की उठताना भिंतीला धरावं लागायचं. इतका लांबचा प्रवास तिला झेपेल का, याची धास्ती मला आतून खात होती. म्हणून आधी एक चाचणी करायचं ठरलं. समुद्रावर न्यायचं सगळं सामान गाडीला बांधायचं, हेल्मेट, जाड जाकीट, हातमोजे सगळं घालायचं, आणि सिरोंच्याला जाऊन, संगम पाहून परत यायचं. मायचा गुडघा टिकला तर समुद्र, नाही तर बेत रद्द. तसं मी तिला स्पष्टच सांगितलं होतं. तिनं फक्त कापडी पिशवीत नारळ, अगरबत्ती आणि माचिस घातली.

सकाळी थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं रान आणि मध्ये आमची एकटीच गाडी. मी आरशातून सारखी मायकडं पाहत होते. हेल्मेटच्या आत तिचा चेहरा दिसत नव्हता, पण प्रत्येक खड्ड्याला तिचा हात माझ्या खांद्यावर आवळायचा. म्हणजे दुखत होतं. मी विचारलं की ती म्हणायची, "चाल, चाल." मला वाटू लागलं की बेत मोडणार आणि तो मोडल्याचं तिला मलाच सांगावं लागणार.

त्या रस्त्यावर एका वळणाशी वाटेवरचा देव आहे. त्याला नाव असेल तर मला ठाऊक नाही. शेंदूर लावलेला एक दगड, आणि त्याच्यापुढं पाल्याचा कमरेएवढा ढीग. हा देव मुळात तिथल्या रानातल्या गावांचा. पण रस्त्यानं जाणारा कोणीही तिथं थांबतो, हिरव्या पाल्याची एक डहाळी तोडतो, ढिगावर टाकतो आणि पुढं जातो. नारळ असलाच पाहिजे असं नाही, आणि नवस तर नाहीच. मी जातो आहे, एवढंच कळवायचं. बाबाही कूपावर जाताना तिथं डहाळी टाकायचे. मी मात्र त्या रस्त्यानं कितीदा गेले असेन, कधी थांबले नाही.

मायनं खांद्यावर थाप मारली. मी गाडी थोडी पुढं नेऊन उभी केली आणि हेल्मेटही न काढता बसून राहिले. मायनं हेल्मेट, जाकीट, हातमोजे काढून सीटवर ठेवले, चपला काढल्या, पिशवी घेतली आणि लंगडत मागं गेली.

"तू नाई येत?"

"तू ये जाऊन. उशीर होऊन राह्यला."

"देव काई तुह्या शाळेतला हेडमास्तर नाई, उशीर झाला म्हणून रागवाले," ती म्हणाली. तिनं एक डहाळी मोडली, ढिगावर ठेवली आणि हात जोडले.

तेवढ्यात माथ्यावर काहीतरी आपटल्यासारखा आवाज झाला. मागच्या उंच झाडावर आग्या मोहोळाची काळी पोळी लोंबत होती. त्यांच्याकडं आमचं लक्षच गेलं नव्हतं. एक मोठा शिकारी पक्षी त्यांतल्या एका पोळ्यावर झडप घालून तुकडा घेऊन गेला. लोंबणारं पोळं क्षणभर थरथरलं आणि मग धुरासारखं उठलं. माझ्या हेल्मेटच्या काचेवर गारा पडाव्यात तशा माशा आदळू लागल्या. मी वळून पाहिलं तर मायचं डोकं, मान, हात, सगळं काळं दिसत होतं. ती पदर तोंडावर ओढून ढिगाशेजारी खाली बसली. पळ म्हणून मी ओरडले, पण ती बसल्यावर एकटीनं उठू शकत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

समुद्रकाठच्या पावसासाठी सामानावर झाकायला मी एक जाड कापड घेतलं होतं. ते ओढून काढलं, धावत गेले आणि मायला त्याखाली घेतलं. बाहेरच्या माशा कापडावर आपटत होत्या, पण आत शिरलेल्याही कमी नव्हत्या. मी हातमोज्यांनी त्या चिरडत होते, मायच्या केसांतून काढत होते, आणि काढल्या तितक्याच पुन्हा सापडत होत्या. तिचा एक डोळा मिटला होता. ओठ माझ्या डोळ्यांसमोर सुजत होते. तिला उचलून गाडीपर्यंत न्यावं तर गाडीवरच माशांचा घोळका. पळायचं तर तिचा गुडघा. मोबाईलला रेंज नव्हती. मी शिकलेलं सगळं आठवून पाहिलं, पण काही सुचेना. आणि मग मी असं केलं जे कधी केलं नव्हतं. कोणाला उद्देशून ते आजही सांगता येणार नाही, पण मी मोठ्यानं म्हणाले, "माझ्यानं होत नाही. आता तूच पाहा."

मायनं माझं मनगट धरलं. "पेटव," ती म्हणाली.

"काय?"

"ढीग पेटव. धूर कर. पिशवीत माचिस हाय."

मी तिच्या तोंडाकडं पाहतच राहिले. त्या ढिगावरून कोणी पाय टाकला तर गावभर बोभाटा करणारी ही बाई. मी म्हणाले, "माय, देवाचा आहे तो."

"देवाचा हाय म्हणूनच. पेटव!"

जाड हातमोज्यांनी काडी ओढता येईना. मी ते काढून टाकले. हातांना काय झालं ते तेव्हा कळलंच नाही. कापडाखालून हात बाहेर काढून मी ढिगाच्या तळाशी, जिथं जुना पाला वाळून चुरा झाला होता तिथं काडी लावली. तो कागदासारखा धरला. वर अलीकडच्या अर्धवट वाळलेल्या डहाळ्या होत्या आणि सगळ्यांत वर मायची ताजी, हिरवी. जाळ त्यांच्यापर्यंत पोचला आणि दाट पांढरा धूर निघाला. वारा नव्हता. धूर आधी आमच्यावर पसरला, मग सरळ वर चढला. आम्ही दोघी त्यात खोकत पडून राहिलो. हळूहळू कापडावरचा आवाज विरळ झाला आणि मग थांबला.

पण मायचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता. मी हात हलवून पाहिला तर बोटं मिटत नव्हती. क्लच दाबता येणार नाही, गाडी चालवता येणार नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. माशा गेल्या होत्या आणि रस्त्यावर कोणी नव्हतं. तो वेळ मला माशांच्या वेळेपेक्षा लांब वाटला.

मग गाडीचा आवाज आला. वनखात्याची जीप होती. एक वयस्क ड्रायव्हर आणि एक वनरक्षक. ते त्या रस्त्यानं येणारच नव्हते. पलीकडून रानात उठलेला धूर पाहून वणवा समजून ते वळले होते. वनरक्षक उतरतानाच ओरडला, "कोणं लावली बे आग? अकला गेल्या का तुमच्या?" मग त्याला आम्ही दिसलो. त्यानं मायला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि स्वतः हिरव्या फांदीनं आग झोडपत तिथंच थांबला.

ड्रायव्हरनं जीप सिरोंच्याकडं सोडली. तो आरशातून मायकडं पाहत होता. "बाई, झोपाचं नाई. बोलत राहा माह्यासंगं. कुठी चालल्या होत्या एवढं सामान बांधून?"

"समुद्र... पाहाले," माय म्हणाली.

"अरे बाप्पा! समुद्र पाहाले निघाल्या अन् इथी माशा पाहाले थांबल्या? मी बी नाई पाह्यला समुद्र. माह्यासाठी काय आणसान?"

"पाणी आणीन... बाटलीत."

"खारं राह्यते मणे. खरं हाय का?"

माय हसायचा प्रयत्न करत होती. जीप उडत होती आणि मी तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, "बाई, बाटली लहान आणसान का मोठी?" उत्तर आलं नाही. "बाई?" त्यानं आरशात पाहिलं आणि मग काही न विचारता जीप आणखी जोरात हाकली. त्या उरलेल्या रस्त्यावर मी देवाकडं मायला मागितलं नाही. मागायची ताकदच नव्हती. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिला देवाच्या हाती दिलेलं होतं, एवढंच.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं, मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. माझ्या हातांतले माशांचे काटे काढत नर्स मला काहीबाही विचारत होती आणि मी फक्त पडद्यापलीकडचा तो शिट्टीसारखा आवाज ऐकत होते. एका वेळी तो थांबला. मी उठून उभी राहिले. पडद्यातून डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, श्वास मोकळा झाला. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी पुढचं सोडून दिलं.

माय शुद्धीवर आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. जाड ओठांनी तिनं पहिलं वाक्य म्हटलं, "आपण देवाचं घर जाळलं वं." दुसरं वाक्य म्हटलं, "गुडघा नाई दुखून राह्यला." मी रडत होते आणि हसू आवरत नव्हतं.

बरी झाल्यावर तिनं समुद्राचं नाव काढायच्या आधी त्या वाटेवरच्या देवाकडं जायचा हट्ट धरला. दगडापुढं राखेचा काळा गोल असेल, लोक आम्हाला बोल लावतील, अशी मला भीती होती. आम्ही गेलो. राख होती, आणि राखेवर हिरव्या डहाळ्या होत्या. मधल्या दिवसांत तिथून गेलेल्यांनी काही न विचारता पुन्हा पहिल्यापासून ढीग रचायला घेतला होता. झाडावरची पोळीही जागेवर होती. या वेळी मी गाडी बरीच अलीकडं उभी केली, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट हातात घेऊन चालत गेले.

पक्षी पोळ्यावर का झडपतो, धुरानं माशा का हटतात, हे मी वर्गात फळ्यावर समजावून सांगते आणि उद्याही सांगेन. बाबांनी टाकलेली डहाळी त्या ढिगात उरलेली नसणार, वाळवीनं ती कधीच खाल्ली असेल, हेही मला समजतं. पण ज्या वाळल्या पाल्यानं माझ्या मायचा जीव वाचवला, तो कोणीतरी टाकला होता. ज्यांनी टाकला त्यांना आमचं नाव ठाऊक नव्हतं. ते फक्त थांबले होते. माझ्या हुशारीनं आखलेल्या रस्त्यावर माझी हुशारी संपली, तिथं त्यांचं थांबणं आमच्या कामी आलं. याला कृपा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, ते मला सुचत नाही. मी वाद घालणार नाही. मी हात जोडते.

समुद्राचा बेत कायम आहे. गुडघ्याला पट्टा घेतला आहे, आणि मायनं सामानात एक मोठी रिकामी बाटली बांधली आहे. ड्रायव्हरभाऊंना तिनं निरोपही धाडला आहे, की लहान नाही, मोठी आणीन.

देवाकडं परत गेलो त्या दिवशी मी आयुष्यातली पहिली डहाळी मोडली आणि राखेवर ठेवली. मायनं विचारलं, "काय मागितलं?"

"काही नाही. जातो म्हणून सांगितलं."

"बस झालं," ती म्हणाली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन गाडीकडं वळली.

माझी डहाळी अजून ओली असेल. ती वाळेल, तिच्यावर दुसऱ्या पडतील. कधी कोणाच्या कामी येईल, ते मला कळणार नाही. कळायची गरजही नाही.