पाठकोऱ्या पानावरचे मोचे

नागपुरातल्या बाबांच्या छोट्या छापखान्यात मी वाढले. अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. पाठ्यपुस्तके नंतर आली. छापखान्याचा एक नियम होता. कुठलेही पत्रक मशीनवर चढण्याआधी घड्या घालणाऱ्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यांनी "काहून?", म्हणजे 'का?', विचारले आणि उत्तर कागदावर नसले, तर मजकूर परत. भल्याभल्या पुढाऱ्यांचे मजकूर त्या एका शब्दाने परत गेलेले मी पाहिले आहेत.

माझे पहिले स्वतंत्र पत्रक मात्र मी त्यांना न वाचून दाखवताच छापले.

रविवारी सकाळी आमच्या अभ्यासमंडळात मी बोलणार होते, मोचे लोकांवर. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, वाळवंट चिरत समुद्राकडे जाणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत, इंका साम्राज्याच्या कित्येक शतके आधी हे लोक राहत. त्यांनी कच्च्या विटांचा डोंगराएवढा पिरॅमिड रचला, आणि त्यातल्या कितीतरी विटांवर खुणा आहेत: टिंबे, रेघा, पंजे. शंभराहून अधिक वेगवेगळ्या. ज्या त्या गटाने आपल्या विटा ओळखू याव्यात म्हणून त्या केल्या असाव्यात, हे वाचले आणि मी खुर्चीवरून उठूनच पुढचे वाचू लागले. वेठबिगार. मला माझा मथळा मिळाला होता: 'एक राजा, कोट्यवधी विटा'. मथळा मिळाला आणि मी वाचन थांबवले.

शनिवारी दुपारी एक बाजू छापून झाली. मावशींनी वरचा कागद उचलला.

"वाचून नाही दाखवलं वं मले. मालकाच्या पोरीले कायदा वेगळा हाय का?"

मी वाचले. खूप जोरात वाचले. घडी दाबायची पट्टी हातात धरून त्या ऐकत राहिल्या.

"एकच राजा होता, काहून?"

"खुणा आहेत ना मावशी. प्रत्येक गावाकडून विटा वसूल केल्या त्याने."

"माह्या बापानं कळमेश्वरच्या रस्त्यावर भट्टीवर इटा पाडल्या. तिथं मालक एक, त खूण बी एकच, मालकाची. पन गावात समाजमंदिर बांधलं, तवा घरोघरी इटा पाडल्या. कोनी बोट दाबलं, कोनी दोन रेघा मारल्या. काहून, त कोन्या घरानं अंग चोरलं ते दिसलं पाहिजे. पाटलाच्या इटेवर बी खूण होती. आता सांग, तिथं राजा कोन होता?"

मशीनजवळ बाबा हसले. माझे कान तापले. चिडूनच मी मोबाइलवर तो लेख पुन्हा उघडला, यांना दाखवायला. आणि मी न वाचलेला अर्धा भाग तिथे माझी वाट पाहत होता.

पूर्वी अभ्यासकही एकच मोठे राज्य मानत. मग खोऱ्याखोऱ्यांतून थडगी निघाली, प्रत्येक ठिकाणचे सरदार वेगळे, त्यांचा थाट वेगळा. एका खोऱ्यात तर बाई सापडली: हातांवर साप आणि कोळी गोंदलेले, सोबत लढाईच्या गदा. आता अनेकजण म्हणतात की सत्ता अनेक होत्या. देव आणि विधी मात्र बरेचसे सारखे. वाद मिटलेला नाही. मी उभ्याउभ्या त्या दोघांना वाचून दाखवत होते. एका सम्राटाच्या गोष्टीपेक्षा हे किती मोठे होते! सम्राट नव्हता म्हणून समता होती, असेही नाही. बंदिवानांचे गळे तिथे कापले जात होते. माझ्या मथळ्यात यातले काहीच मावत नव्हते.

"हे सगळं रद्दीत टाका," मी म्हणाले. "रात्रीतून दुसरं लिहिते."

"रद्दीत काहून?" बाबा म्हणाले. "पाठकोरे आहेत."

म्हणजे माझी चूक सगळ्यांच्या हातात द्यायची. पहिल्याच पत्रकात. दुसऱ्यांच्या खोट्यावर मी आजवर मंडळात इतके तावातावाने बोलले होते की आता नाही म्हणायला तोंड नव्हते. मी तिथेच गठ्ठ्यावर बसून लिहिले. पहिली ओळ: 'मागच्या पानावर मी जे ठासून सांगितले आहे, ते सिद्ध झालेले नाही. का, ते वाचा.' त्याखाली खोरी, थडगी, ती गोंदलेली बाई, आणि मावशींच्या गावच्या समाजमंदिराच्या विटा.

पाच वाजता मावशींसमोर उभी राहिले. या वेळी सावकाश वाचले.

"राजे येगयेगळे, त देव सारखे काहून?"

"ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही, मावशी."

"मंग तसं लिही ना."

ती शेवटची ओळ मी उभ्यानेच लिहिली, आणि बाबांनी कागद उलटे करून मशीनवर चढवले.