छत्री घेतलेलं रानडुक्कर

रशीदभाईंच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी गॅलरीत बसून डाळ निवडत होते. “मॅडम, अब्बा गेले,” एवढंच ती म्हणाली. मी रडले नाही. दफन किती वाजता, रात्री डॉक्टर आले होते का, दाखला मिळाला का, असं विचारत राहिले... पंचवीस वर्षं अधिकारी म्हणून काढलेल्या बाईला ऐन वेळी दुसरं काही सुचत नाही. बस मूर्तिजापूरला रखडली आणि मी अकोल्याला पोचेपर्यंत रशीदभाईंना घेऊन माणसं निघून गेली होती. याला आता दीड महिना झाला. त्यांच्यावर लिहायला चारदा बसले आणि चारदा उठले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि ते जड जातं.

मी अकोल्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा रशीदभाई तिथे सहायक होते. शेतकरी कापडी पिशवीत माती घेऊन यायचे. ती वाळवायची, कुटायची, चाळायची, हे त्यांचं काम. हात कोपरापर्यंत मातीचे आणि शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. तपासणीत लागणारे काही रंग स्पिरिटमध्ये विरघळवलेले असतात. एका दुपारी त्यातला एक थेंब टेबलावरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर सांडला. प्रशिक्षणात पडद्यावर आकृत्या दाखवायला वापरायचो, त्यातली ती शीट. पुसायला म्हणून रशीदभाई वाकले तर त्यांच्या श्वासानेच थेंब पसरायला लागला, कडेला गडद, मध्ये फिका. त्यांनी हळूच फुंकर घातली आणि दोन लांब कान निघाले. “अहो, ससा काढलात की!” मी म्हणाले. “म्या नाई काहाडला मॅडम. थो आपलाच निंगाला, म्या त निस्ती वाट देल्ली.”

मग त्यांना नादच लागला. मी त्याच दिवशी बजावलं की लॅबमधलं काही वापरायचं नाही, आणि ते त्यांनी काटेकोर पाळलं. मार्करच्या रिफिलची शाई, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, रसवंतीवरून आणलेल्या नळ्या, सगळं घरून यायचं. कोऱ्या शीटचे ते पोस्टकार्डाएवढे तुकडे करायचे. शाईचा थेंब, त्यावर स्पिरिटचा थेंब, की लगेच नळीने फुंकायचं. क्षणभर उशीर झाला की शाई वाळून बसते. बाहेर ओट्यावर बसलेल्या शेतकऱ्याला ते विचारायचे, “वावरात काय काय हाये जी?” कापसाची ती फार वाईट वर्षं होती. ओट्यावरची माणसं हूं किंवा नाई यापलीकडे बोलायची नाहीत. पण रोही, म्हणजे नीलगाई, किती येतात, डुकरं किती येतात, हे विचारलं की गडी शिव्यांसकट मोकळा व्हायचा. तो सांगेल ती विहीर, तो नाला, ती बाभूळ रशीदभाईंच्या कार्डावर उतरायची आणि मध्ये शिव्या खाल्लेलं जनावर उभं राहायचं. चष्मा लावून कपाशीची पानं मोजणारा रोही. डबा घेऊन शेताच्या धुऱ्यावरून कामावर निघालेला ससा. पावसात छत्री धरून निघालेलं रानडुक्कर. ते कार्ड माती परीक्षणाच्या अहवालाला टाचलं जायचं.

मला ती गंमत वाटायची, पण एकदा मूर्तिजापूरकडची एक बाई तणतणत आत आली. तिची वावरं दोन, अहवालही दोन. “मायावाल्या एका कागदाले जनावर नाई लावलं जी,” ती म्हणाली. “मंग कोनता कागद कोनत्या वावराचा, मी कसं वयखू?” तिला वाचता येत नव्हतं. रोहीवाला कागद नाल्याकडच्या वावराचा, डुकराचा गावाजवळच्या, असं तिचं ठरलेलं. त्या हिशेबाने ती खत द्यायची. त्या दिवसापासून मी त्या कार्डांकडे नीट बघायला लागले.

आणि मीच ती बंद केली. वरचे एक साहेब तपासणीला आले आणि त्यांच्या हाती नेमकं छत्रीवालं डुक्कर लागलं. आधी ते हसले. मग म्हणाले, “कार्यालयात हा उद्योग कुणाच्या परवानगीने? आणि साहित्य कुठलं?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा अमरावतीच्या बदलीचा अर्ज त्याच साहेबांकडे होता आणि आई तिकडे अंथरुणाला खिळलेली. ‘माझ्या परवानगीने, साहित्य त्यांचं स्वतःचं’ ही दोन वाक्यं मला बोलायची होती. मी म्हणाले, “चौकशी करते, सर.” त्याच संध्याकाळी मी सगळ्यांसमोर रशीदभाईंना मेमो दिला. त्यात लिहिलं, ‘शासकीय रसायनांचा खाजगी कामासाठी अपव्यय केल्याचे आढळून आले.’ असं काहीही आढळलं नव्हतं. रशीदभाईंनी मेमो उभ्यानेच वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, “सही कुठी करू?”

पुढच्या खेपेला ती मूर्तिजापूरची बाई आली. “आता बंद झालं, माय,” रशीदभाई म्हणाले, आणि तिच्या एका कागदाचा कोपरा दुमडून देत बसले. दुमडलेला नाल्याकडचा, सरळ तो गावाजवळचा. तिने तीनतीनदा विचारून घेतलं. मी काचेआडून बघत होते. दोन महिन्यांत माझी बदली झाली.

त्यानंतर दर ईदला मी त्यांच्या घरी जायचे. नूरजहाँभाभी शीरखुर्म्याची वाटी दोनदा भरायच्या. आज मेमोचं खरं सांगू, असं ठरवून जायचे आणि बसच्या वेळेचं निमित्त काढून उठायचे. निवृत्तीनंतर रशीदभाई पांढऱ्या गुळगुळीत टाइल्सवर चित्रं काढायला लागले. शबानाने मोबाइलवरून मागवून त्यांना तयार शाईच्या बाटल्या आणून दिल्या, त्यावर ठळक ‘अल्कोहोल इंक’ लिहिलेलं. पाच वेळचा नमाजी माणूस, पोट धरून हसला. “लेबल काहाड बाई पयले, मोहल्ल्यात काय म्हनतीन!”

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. छातीचा आजार बळावला होता आणि फुंकर पुरत नव्हती. टाइलवर त्यांनी निळा थेंब टाकला, नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तुमी फुका.” मी इतक्या जोरात फुंकलं की शाई टाइलच्या बाहेर गेली. रशीदभाई म्हणाले, “मॅडम, तुमी फुकता बी मेमो देल्यावानी!” आम्ही सगळे हसलो. नूरजहाँभाभी तेवढ्या हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत तो शब्द पहिल्यांदा रशीदभाईंच्या तोंडून आला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं... मी पर्स उचलली आणि बस चुकेल म्हणाले.

ते गेले त्या दिवशी, बायका जरा पांगल्यावर, मी भाभींजवळ जाऊन बसले आणि एका दमात म्हणाले, “भाभी, त्या मेमोत मी खोटं लिहिलं होतं. स्पिरिट लॅबचं नव्हतं.”

“मालूम हाये,” भाभी म्हणाल्या. “थे शिशी मीच त आनत होती दुकानातून.”

मी विचारलं, “मग इतकी वर्षं बोलल्या का नाहीत?”

“म्या बोलनार होती. पयल्याच ईदले बोलनार होती. यायनंच थांबोलं. म्हने, मॅडम येतेत न घरी? मंग येक दिवस सोताहून सांगतीन. तवरोक आपन काई काहाडाचं नाई.” त्यांनी ओढणीने डोळे पुसले. “दर ईदले तुमी गेल्यावर मले इचारत. बोलल्या का वं मॅडम काही तुयाजवळ?”

रशीदभाईंच्या खोलीत अजून स्पिरिटचा वास आहे. खिडकीत त्यांच्या नळ्या धुऊन उभ्या ठेवलेल्या आहेत आणि शेजारी एक टाइल, नुसती डोंगराची रेघ ओढलेली, जनावर अजून यायचं होतं. भाभींनी ती कुणाला हलवू दिलेली नाही. दीड महिन्यात मी तीनदा त्या खोलीत जाऊन बसले. भाभींना सांगून झालं, पण मेमो कागदावर दिला होता आणि चार लोकांदेखत दिला होता, तेव्हा तो मागेही तसाच घ्यायला हवा. म्हणून इथे लिहिते. रशीदभाईंनी त्या पहिल्या सांडलेल्या थेंबानंतर प्रयोगशाळेतलं काहीही स्वतःसाठी वापरलं नाही. सगळं घरून आणलेलं होतं आणि चित्रं माझ्या परवानगीने काढलेली होती. हे मेमो लिहिताना मला ठाऊक होतं.