सुलभाताईंची पार्किंगची केस

आमच्या वॉकिंग ग्रुपमध्ये किस्से आपोआप साठतात. बाहेर बर्फ असला की आम्ही तीन-चार रिटायर्ड मंडळी कॅनडातल्या मिसिसागाच्या एका मॉलमध्ये, दुकानं उघडायच्या आधी, फेऱ्या मारतो आणि मग फूडकोर्टात चहा घेत बसतो. मी शिरीष, माझी बायको मेधा, अरविंद कुलकर्णी आणि सुलभाताई कर्वे. फेऱ्या अर्धा तास चालतात आणि चहा दोन तास. किस्से साठणार नाहीत तर काय होणार? पण एका हिवाळ्यात दुसरा विषयच नव्हता. सुलभाताईंवर केस झाली होती.

सुलभाताई मूळच्या नागपूरच्या. इथे एका लॅबमध्ये केमिस्ट म्हणून आयुष्य काढलं. मिस्टर जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा निखिल कॅल्गरीला. टाउनहाउसमध्ये एकट्या राहतात आणि स्वतःची गाडी स्वतः चालवतात. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण सगळं त्यावरूनच पेटलं.

*

झालं असं. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सुलभाताई एका प्लाझामध्ये देशी ग्रोसरी घ्यायला गेल्या. मेथी, गवार घेऊन गाडीकडे येताना समोर एक म्हातारे चिनी गृहस्थ बर्फावरून घसरून पडले. उठता येईना. कोणीतरी अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत ताई त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांनी ताईंचा हात धरला, तो सोडेचनात. शेवटी अँब्युलन्सवाले म्हणाले, "तुम्हीही चला."

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, "ते काय म्हणतायत?"

"मला चिनी येत नाही," ताई म्हणाल्या.

"मग तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी मेथी घ्यायला आले होते."

रिचमंड हिलहून त्यांची मुलगी ट्रॅफिकमधून धावत-पळत पोचली, तेव्हा संध्याकाळ झाली होती. ती डॉक्टरांशी बोलायला लागली तशा ताई उठून बाहेर पडल्या. नाव-गाव विचारायचं कोणालाच सुचलं नाही. बसने परत प्लाझात आल्या, तर काचेवर नोटीस. "फक्त ग्राहकांसाठी पार्किंग. वेळेची मर्यादा ओलांडल्याबद्दल दंड." मेथी गाडीत गोठली होती.

*

हे कळल्यावर अरविंदने सल्ला दिला. अरविंद हॅमिल्टनच्या स्टील प्लांटमध्ये इंजिनियर होता आणि सल्ला देताना तो कधी अडखळत नाही.

"प्रायव्हेट कंपनीची नोटीस आहे. सिटीच्या दंडाचं तिकीट नाही. इग्नोअर करा."

ताईंना ते पटलं नाही. त्यांनी कंपनीला काय घडलं ते सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलं ते कॉम्प्युटरने छापलेलं, "आपली विनंती अमान्य." मग कलेक्शनवाल्यांची, म्हणजे वसुली एजन्सीची, पत्रं सुरू झाली. प्रत्येक वेळी अरविंद म्हणायचा, "इग्नोअर. पुढे काही करत नाहीत हे लोक."

नोव्हेंबरात एक माणूस ताईंच्या दारात उभा राहिला. हातात पाकीट. बाहेर गार वारं, बिचाऱ्याचं नाक लाल झालेलं. ताईंना वाटलं, छपराच्या पन्हळी साफ करणाऱ्या कंपनीचा असेल. "आत ये," म्हणाल्या, बूट काढायला लावले, गरम चहा आणि बशीभर चिवडा दिला. त्याने चिवडा संपवला, ताईंचं नाव विचारून खात्री केली, पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मॅम, यू हॅव बीन सर्व्ह्ड."

"मला वाटलं तो चिवड्याबद्दल बोलतोय," ताई आम्हाला सांगत होत्या. "मी म्हटलं, नो नो, आय सर्व्ह्ड यू."

पाकिटात स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या, कोर्टातला दावा होता; कोर्टाचे कागद हातात दिले की इथे 'सर्व्ह' केलं म्हणतात. त्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे अरविंदने भरले.

*

निखिलला फोन गेला. तो अर्धं इंग्लिशमध्येच बोलतो. "आई, जस्ट पे इट. आणि खरं सांगू? तू अजून ड्राइव्ह करावंस का, यावर आपण बोलायला हवं."

पार्किंगचा ड्रायव्हिंगशी काय संबंध, असं मेधाने विचारलं. ताई म्हणाल्या, "संबंध नाहीच. पण मी गुपचूप भरलं की आईची चूक झाली, हे कायमचं ठरलं. आज पार्किंग, उद्या गाडीची किल्ली, परवा कॅल्गरीला त्याच्या बेसमेंटमध्ये मुक्काम."

मग हळूच म्हणाल्या, "मला झोप लागत नाही गं. कोर्टाचं तोंड नाही पाहिलं कधी."

*

मुदतीच्या आत डिफेन्स, म्हणजे दाव्याला लेखी जबाब, फाइल करायचा होता, नाहीतर कंपनीच्या बाजूने एकतर्फी निकाल लागला असता. पहिला मसुदा अरविंदने केला. त्याची सुरुवात ताई कॅनडात आल्या त्या वर्षापासून होती. दुसऱ्या पानावर त्या नुकत्या लॅबमध्ये लागल्या होत्या.

"अरविंद, यात मी पार्क कधी करते?" ताईंनी विचारलं.

शेवटी त्यांनी स्वतःच लिहिला. मी ग्राहक होते, ही पावती. माणूस पडला. मी त्याच्याबरोबर गेले. गाडी हलवणं शक्य नव्हतं. म्हणून दावा मान्य नाही. बस.

फाइल करायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. कोर्टाच्या काउंटरवरची बाई प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होती, "आय कान्ट गिव्ह यू लीगल अ‍ॅडव्हाइस." आमच्या पुढच्या माणसालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. ताईंचा नंबर आला. एक सही राहिली होती.

"मला अ‍ॅडव्हाइस नको," ताई म्हणाल्या. "पेन मिळेल का?"

ती बाई पहिल्यांदा हसली.

*

खरी अडचण पुढे होती. माणूस पडला याला पुरावा काय? ताईंना त्या गृहस्थांचं नावही माहीत नव्हतं, आणि हॉस्पिटल दुसऱ्याची माहिती देईना. मेधा म्हणाली, "प्लाझात चिनी बेकरी आहे ना? तिथे विचारू."

तिघं गेलो. काउंटरवरच्या बाईला ताई वर्णन सांगू लागल्या. म्हातारे गृहस्थ, बर्फात पडले, पायाला लागलं. बाईने त्यांना मध्येच थांबवलं.

"तुम्ही त्या हिरव्या टोपीवाल्या?"

ताईंची हिरवी टोपी त्या वर्षी बसमध्ये हरवली होती. "हो," त्या म्हणाल्या.

"मिस्टर लाम मला कधीपासून विचारतायत. हिरवी टोपीवाली बाई आली का?"

लाम आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ते मुलीकडे, रिचमंड हिलला होते आणि दर थोड्या दिवसांनी बेकरीत फोन करायचे. बाईने तिथल्या तिथे फोन लावला. फोन मुलीने, ग्रेसने, घेतला आणि केसचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तारीख सांगा. आम्ही येतो."

*

ट्रायलच्या आधी कोर्टात सेटलमेंट कॉन्फरन्स असते. जज दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून तडजोड होते का पाहतात. त्याची तयारी आम्ही फूडकोर्टात केली. अरविंद जज झाला आणि ताईंना इतका रागावला की शेजारच्या टेबलावरची बाई येऊन विचारून गेली, "मॅम, आर यू ओके?"

खरे जज शांत होते. कंपनीकडून एक तरुण पॅरालीगल, म्हणजे छोट्या केसेस लढवणारा, आला होता. त्याने प्लाझातल्या पार्किंगच्या बोर्डाचा फोटो दाखवला. बोर्डावर सगळं लिहिलं आहे, गाडी लावली म्हणजे अटी मान्य केल्या. कंपनीची अर्ध्या रकमेवर मिटवायची तयारी आहे.

"अर्ध्यावर नाही," ताई म्हणाल्या. दार उघडंच होतं, मला बाहेर ऐकू येत होतं. "मी परत त्याच जागी उभी असते तरी तेच केलं असतं. मग चुकलं म्हणून कशी सही करू?"

जजनी विचारलं, "ट्रायल झाली तर तुमचा साक्षीदार आहे?"

"बाहेर बसलेत."

पुढे दार लागलं. आतलं ताईंनी नंतर सांगितलं ते असं. जज पॅरालीगलला म्हणाले, "ट्रायलला तुमचा साक्षीदार म्हणजे तो बोर्ड. यांचा साक्षीदार बाहेर बसलाय. विचार करा."

तो कंपनीला फोन करायला कॉरिडॉरमध्ये आला. तिथे लाम आजोबा वॉकर पुढ्यात घेऊन, सूट-टाय घालून बसले होते. त्याला पाहून ते वॉकरच्या आधाराने उठायला लागले. त्यांना वाटलं, आपल्यालाच बोलावलंय. पोरगा घाईने म्हणाला, "नो सर, प्लीज सिट." मग तो त्यांच्याकडे पाठ करून बराच वेळ फोनवर बोलला.

दावा मागे घेतला गेला.

त्या संध्याकाळी निखिलने विचारलं, "कोर्टात तुला कोणी नेलं?"

"मीच चालवत गेले," ताई म्हणाल्या. "शिरीषला पण नेलं. आणि पार्किंगचे पैसे आधीच भरले."

किल्लीचा विषय नंतर निघाला नाही.

*

तेव्हापासून दर शुक्रवारी ग्रेस वडिलांना आमच्या चहाला सोडून जाते. लाम आजोबांना हाय, थँक यू आणि व्हेरी कोल्ड, एवढं इंग्लिश येतं. ते आणि सुलभाताई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात. ते त्यांच्या भाषेत बोलतात, ताई मराठीत. एक बोलत असला की दुसरा ऐकतो.

"काय बोलता हो एवढं?" मेधाने एकदा विचारलं.

"ते त्यांच्या बायकोबद्दल सांगतात. मी ह्यांच्याबद्दल."

"पण कळतं कसं?"

"कळतं," ताई म्हणाल्या आणि चहात साखर ढवळत राहिल्या.

मागच्या हिवाळ्यात एकदा ग्रेस वडिलांना न्यायला आली. आजोबा तिला बराच वेळ काहीतरी सांगत होते. ती जरा संकोचून ताईंकडे वळली.

"बाबांना तुम्हाला एक विचारायचंय. ते म्हणतात, तुमचे मिस्टर रोज सकाळी तुमच्या आधी उठून तुमच्या गाडीवरचा बर्फ काढून ठेवायचे. शेवटी आजारी होते तेव्हासुद्धा. बाबा म्हणतात, सगळं समजलं, फक्त त्यांचं नाव कधी आलं नाही. नाव काय होतं?"

इतक्या वर्षांत आम्हीही ते नाव ताईंच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

सुलभाताईंनी कप खाली ठेवला.

"वसंत," त्या म्हणाल्या.

लाम आजोबांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. वसंत. वसंत. उच्चार अगदी बरोबर होता.