वजावटकाकांचा वाद

आमच्या गल्लीत लोकांचा आयकर भरून देणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना वजावटकाका म्हणत. उत्पन्नातून काय काय वजा करता येतं, हे शोधण्यात त्यांचा हातखंडा. माझं कुलपं-किल्ल्यांचं दुकान त्यांच्या खोलीला चिकटून, मध्ये फक्त प्लायवूड. त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य मी आयतंच ऐकलं.

काकांची एक खोड होती. गिऱ्हाईक टेकलं की पगार राहायचा बाजूला, आधी प्रश्न, "घरी कोण कोण असतं?" मग कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाच्या मुलीची फी, सगळं निघायचं. पंधरा मिनिटांच्या कामाला तास लागे. काकू गेल्यावर तर गिऱ्हाईक उठायला लागलं की काका पंखा वाढवून त्याला पुन्हा बसवत.

मग सरकारने नवा पर्याय काढला. सगळ्यांना एकच दर, वजावट नाही, आपला कर आपण मोबाइलवर भरायचा. ज्याला हवी त्याने जुनी पद्धत ठेवावी. मी अर्थातच नव्याच्या बाजूचा.

"शेठ येवो नाहीतर हमाल, मी किल्लीला एकच भाव घेतो. यात अन्याय कसला?"

"किल्ली सारखीच असते रे," काका म्हणत. "माणसामागची माणसं सारखी नसतात. एक मोकळा जिना चढतो, दुसरा म्हातारीला पाठीवर घेऊन. दोघांना एकच घड्याळ लावणार?"

"आणि लबाड लोक खोट्या म्हाताऱ्या दाखवतात, त्याचं काय?"

"दाखवतात," ते कबूल करत आणि चहा सांगत.

हळूहळू काकांची गिऱ्हाइकं गळाली. नेमाने येणाऱ्या उरल्या एक नर्सबाई. त्यांच्या आईची औषधं काकांना तोंडपाठ होती. त्या वर्षी बाई आल्या त्या आई गेल्याचं सांगतच. काकांनी दोन्ही पद्धतींचा हिशोब मांडला. मग पलीकडे पंखा वाढल्याचा आवाज आला. मला त्यांचं मन कळत होतं. जुनीच पद्धत ठेवा म्हणाले असते, तर बाई मुकाट्याने भरून पुढच्या वर्षी पुन्हा आल्या असत्या. त्यांना काय कळणार होतं?

"ताई, आई होत्या तोवर जुनी पद्धत बरी होती," काका म्हणाले. "आता एकच दर स्वस्त पडेल."

"म्हणजे ते मोबाइलवर भरतात तसं?"

"हो. सोपं आहे. माझी गरज नाही."

"बरं झालं बाई. दरवर्षी रजा काढावी लागायची."

त्या गेल्या. मनात काही नव्हतं बिचारीच्या, तरी मला त्यांचा राग आला. थोड्या वेळाने काका माझ्या दुकानाशी येऊन उभे राहिले.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "एकच दर परवडतो."

"कुणाला?" मी सवयीने डिवचलं.

"ज्याच्या मागे कोणी नाही त्याला. काल माझाही हिशोब करून पाहिला."

इतकी वर्षं हा वाद जिंकायची मला हौस होती. मी स्टूल पुढे केलं, पण ते बसले नाहीत.