क्वार्टरबॅकच्या पुढच्या पाचजणी

तेरखेड्यात आई आणि आबा दोघंही फटाक्याच्या कारखान्यावर कामाला. हाताला लागलेली दारू साबणानं निघायची नाही, भाकरीलाही तिचा वास. पावसाळ्यात हवा ओली झाली की काम बंद, आणि आमचं पातळ वरण आणखी पातळ. तरी मला दोन वर्षं धाराशिवला कॉलेजात ठेवलं. तिसऱ्या वर्षाआधी आबा म्हणाले, "आता न्हाय झेपत, बाय. घरी ये, आईसंगं बस कामाला."

त्याच सुमाराला खेळाच्या सरांनी मुलींची अमेरिकन फुटबॉलची टीम काढली. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या मुलीला वसतिगृह आणि जेवण कॉलेज देणार होतं. मी पहिलं नाव दिलं. चिंचा पाडून पाडून माझा नेम पक्का, म्हणून सरांनी मला क्वार्टरबॅक केलं. मागं उभं राहून लांबट चेंडू घ्यायचा आणि पुढं पळणाऱ्या मैत्रिणीला फेकायचा. ऐकायला सोपं. पण समोरच्या पोरी थेट तुमच्याच अंगावर येतात. त्यांना अडवायला तुमच्यापुढं पाचजणींची लाइन असते. लाइननं घटकाभर तग धरला तर क्वार्टरबॅक राणी, नाहीतर मातीत.

आमच्या पाचही जणी कबड्डीच्या. भूम-परंड्याकडच्या, दांडग्या. त्यांच्यामुळं मला कुणी शिवत नव्हतं. मी झकास फेकायची, पलीकडं चेंडू झेलला जायचा, आणि तेवढ्यात शिट्टी. फाउल. चेंडू मागं. कारण या खेळात ढकलायला परवानगी, धरायला नाही. आणि कबड्डीवाल्या पोरीचा हात माणूस दिसलं की आपोआप मिटतो.

मधे उभी राहून मला चेंडू देणारी ईट गावची. तिनं एकदा एकीची कंबर अशी धरली की शिट्टी वाजून संपली तरी सोडेना.

"सोड की तिला, बये," मी म्हटलं.

"आत आलेलं पाव्हणं तसंच माघारी धाडायची रीत न्हाय आमच्यात."

"अगं, तुझ्या पाव्हणचारापायी म्या कारखान्यावर जाईन."

त्यावर तिनं ती कंबर सोडली. दुसऱ्या दिवशी पिशवीभर लिंबं घेऊन आली आणि पाचीजणींच्या दोन्ही मुठींत एकेक दिलं. मुठीत लिंबू असलं की समोरचीला धरता येत नाही, ढकलता मात्र येतं. जिचं लिंबू खाली पडेल तिनं ते सालीसकट खायचं. पहिल्या आठवड्यात त्या पोरींची तोंडं बघण्यासारखी होती. सरसुद्धा पाठ फिरवून हसायचे.

निवडीच्या सामन्यात मुठी रिकाम्याच ठेवाव्या लागणार होत्या. समोरच्या संघात एक धिप्पाड पोरगी होती. पहिल्याच डावाला ती आली आणि आमच्या मधलीची बोटं तिला धरायला उघडताना मला दिसली. मी ओरडले, "लिंबू!"

पाचीजणींच्या मुठी मिटल्या. धिप्पाड पोरगी छातीला छाती लावून जागीच थांबली. मी आरामात बघितलं, श्वास घेतला आणि चेंडू फेकला. शिट्टी नाही.

मग प्रत्येक डावाला मी लिंबू ओरडायची. समोरच्यांना वाटलं, ही कसली तरी गुप्त चाल आहे. त्यांनी एक पोरगी उजवीकडं हलवली, मग डावीकडं. शेवटी त्यांची कप्तान वैतागून म्हणाली, "सरळ खेळा की, भाजी मंडईत आलाव का?"

आमची मधली खाली वाकलेली, तशीच म्हणाली, "व्हय. कोथिंबीर पायजेल का?"

सामन्यानंतर निवड करणाऱ्या सरांनी मला बोलावलं. "हात चांगला आहे तुझा."

"हात चांगलाच आहे, सर," मी म्हटलं. "पण लाइन बदलून हाच हात बघा, मातीत सापडंल. घ्यायचं तर आमच्या मधलीलाबी घ्या."

त्यांनी मैदानाकडं बघितलं. मधली तिथं त्या धिप्पाड पोरीच्या खांद्यावर हात टाकून पाणी पीत होती.

विद्यापीठाच्या संघात आम्ही दोघी निवडल्या गेलो. तिसरं वर्ष मी वसतिगृहात राहून पूर्ण केलं आणि बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी पहिली मी.