बिघडलेल्या फरश्या

कारखान्यात तिला सगळे थेंबमावशी म्हणत. बावीस वर्षं ती सिमेंटच्या नक्षीदार फरश्यांमध्ये रंग ओतत होती आणि या खणातला थेंब त्या खणात जाऊ देत नव्हती, म्हणून हे नाव. काम ऐकायला सोपं. लोखंडी चौकटीत पितळी जाळी ठेवायची, तिच्या खणाखणांत पातळ रंगीत सिमेंट पळीने सोडायचं आणि श्वास रोखून जाळी सरळ वर उचलायची. वर कोरडं सिमेंट, त्यावर रेती, मग चौकट प्रेसखाली. फरशी घडते पालथी. चेहरा खाली, पोलादी पत्र्याला टेकलेला. उलटी करेपर्यंत आपण काय केलं हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने थोरल्या मालकांना विचारलं होतं, "या पानात हिरव्याऐवजी निळा टाकून पाहू का?" थोरले मालक तेव्हा सगळ्या नक्ष्या स्वतः काढत. ते हसून म्हणाले, "बाई, ओतणाऱ्यानं ओतावं. रेघ आम्ही मारतो." रागावून बोलले असते तर ती विसरून गेली असती. मायेने बोलले, म्हणून तिला ते खरं वाटलं.

पुढे दोन वर्षांनी एकदा हात चुकला. जाळी तिरकी उठली, निळा पांढऱ्यात शिरला. फरशी उलटी केली तर पाण्याखाली ऊन हलावं तसं काहीतरी तिच्यावर उमटलं होतं. बिघडलेला माल ढिगाऱ्यावर टाकायचा हा नियम. तिने ती पिशवीत घातली. "बिघडली. घरी नेते, पायाखाली होईल," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

त्यानंतरचं मात्र खरं नव्हतं. दुपारचा डबा झाला की उरलेल्या रंगांत ती जाळीशिवाय ओतू लागली. एक पळी, एक विणकामाची सुई. महिन्याकाठी एखादी फरशी. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: बिघडली. तिच्याइतकाच जुना प्रेसवाला डोळे मिचकावून म्हणे, "मावशी, जेवण झाल्यावरच बरा तुमचा हात बिघडतो."

"वय झालं," ती म्हणे. तेव्हा ती पस्तिशीतली होती.

अशी अठरा वर्षं गेली. स्वयंपाकघराची जमीन भरली, तरी तिने स्वतःलाही कधी सांगितलं नाही की हे आपण मुद्दाम करतो.

थोरल्यांच्या मागे कारखाना मुलाकडे आला. एका इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डासमोरच्या व्हरांड्याचं काम त्याला मिळालं: शहाण्णव फरश्या, जुन्या वेलाच्या नक्षीच्या. आणि पहिल्याच दिवशी वेलाची जाळी सांध्यांतून सुटली. तांबटाने ती हातात घेऊन मान हलवली. नवी करायला दोन महिने. वॉर्ड सहा आठवड्यांत उघडणार, त्यातले चार तर फरश्या पाण्यात मुरवण्यात जाणार.

"उद्या सकाळी फोन करून नाही म्हणतो," मालक म्हणाला. "तोंडघशी पडण्यापेक्षा बरं."

ती पळी धुवत उभी होती. एक वाक्य ओठांशी आलं आणि तिने ते गिळलं. 

संध्याकाळी तिने पाण्याचं पिंप रिकामं केलं आणि हातोडी-छिन्नी काढली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याचं भिंग वर सरकवून तो दारात आला.

"भिंतीही पाडायच्यात का? म्हणजे चहा आधी करून घेतो."

"जरा पिंप सरकवा."

पिंपाखालची फरशी सगळ्यांत सुंदर होती. चांगलं जमलं होतं, म्हणून तिने ती तिथे लावली होती, कुणाला दिसू नये अशी. नवऱ्याने वाकून तिच्यावरून बोट फिरवलं.

"मालकाला काय सांगणार?"

"खरं."

"म्हणजे अठरा वर्षं खोटं बोललीस, हेही?"

"तेच तर खरं आहे."

त्याने भिंग खाली ओढलं आणि तिच्या शेजारी बसून फरशीच्या कडेची रेती घड्याळाच्या चिमट्याने एकेक कण उचलावा तशी काढायला लागला.

सकाळी तिने फरशी मालकाच्या टेबलावर ठेवली तेव्हा फोन त्याच्या हातातच होता.

"ही तर बिघडलेली आहे, मावशी."

"नाही. केलेली आहे."

मागे प्रेसवाल्याला हसू फुटलंच. "मला वाटलंच होतं. एवढ्या बेतानं कुणाचं बिघडतं होय?"

मालकाने फडकं ओलं करून फरशीवरून फिरवलं. रंग वर आले. "अशा शहाण्णव होतील?"

"अशा नाही. प्रत्येक वेगळी होईल. सारख्या हव्यात तर जाळीच लागेल."

"आणि त्यांना पटलं नाही तर?"

"तर माझं नाव सांगा. सांगा, ओतणारीनं आगाऊपणा केला."

मालक फरशी घेऊन इस्पितळात गेला. दुपारी परत आला तो फरशीशिवाय. तिथल्या मोठ्या सिस्टरने ती ठेवून घेतली होती आणि उरलेल्या कधी येणार एवढंच विचारलं होतं.

पहिल्या दिवशी तिने चार ओतल्या. उलट्या केल्या तर चारही नीटनेटक्या, अंग चोरून बसलेल्या. जाळी नव्हती, पण हात तिच्याच आठवणीने चालला होता. तिने त्या स्वतः ढिगाऱ्यापर्यंत नेल्या आणि एकेक फोडली.

"बिघडल्या?" प्रेसवाल्याने हळूच विचारलं.

"हो. या खरंच बिघडल्या."

पाचवीत तिने निळा सोडला, सुईने एकदाच ओढला आणि हात मागे घेतला. ती प्रेसखालून बाहेर आली तेव्हा प्रेसवाल्याने यंत्र थांबवलं आणि तिच्याआधी स्वतःच फरशी उलटी केली. पुढची चौकट त्याने दोन्ही हातांनी घेतली.

फरश्या बसवायच्या दिवशी ती मालकाबरोबर नुसती बघायला गेली होती. गवंड्याने खोकी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"एकीला दुसरी जुळत नाही. नकाशा कुठाय? कुठली कुठे लावू? मालक?"

"मला काय विचारता? नक्षी यांची आहे."

"तुम्हाला बरी दिसेल तिथे लावा," ती घाईघाईने म्हणाली. गवंड्याने एक लावली, दुसरी लावली. तिसरी ठोकली, आणि तिला राहवेना. निळा धावत येऊन भिंतीवर डोकं आपटत होता.

"ती उचला."

"मावशी, खाली सिमेंटचा माल लागलाय."

"लागू दे. उचला."

पुटपुटत त्याने उचलली. चपला काढून ती फरश्यांच्या कडेला उकिडवी बसली.

"डावीकडे फिरवा. अजून. हां, आता ठोका."

दुपार कलेपर्यंत ते व्हरांड्याच्या मध्यावर पोचले होते. गवंडी प्रत्येक फरशी दोन्ही हातांत धरून आधी तिच्याकडे बघत होता, आणि ती घाई न करता, डोळे बारीक करून, ठरवत होती.